एक चकती टाका, चमचाभर पाणी घ्या

श्रद्धेला यंत्र जोडायची हौस माणसाला फार जुनी आहे आणि ती मनापासून आवडावी अशीच आहे. इ.स. पहिल्या शतकात इजिप्तमधल्या अलेक्झांड्रियाच्या हेरॉन या यंत्रज्ञाने पाणी, हवा आणि वाफेवर चालणाऱ्या युक्त्या लिहून ठेवल्या. त्यात देवळाचं दार आपोआप उघडणारी एक रचना आहे. वेदीवर अग्नी पेटला की वेदीच्या पोकळीतली हवा तापून फुगते आणि खालच्या गोळ्यातलं पाणी एका टांगलेल्या बादलीत ढकलते. जड झालेली बादली खाली जाताना दोरांनी दाराचे खांब फिरवते. अग्नी विझला की हवा आकसते, पाणी परत ओढलं जातं आणि दार मिटतं.

पण त्याच्याच संग्रहातलं दुसरं यंत्र घरी करून बघण्यासारखं आहे. भांड्याच्या फटीत पाच द्राख्मांचं ग्रीक नाणं टाकलं की थोडं पवित्र पाणी बाहेर यायचं. आत होती फक्त एक तरफ. नाणं तरफेच्या ताटलीवर पडतं, ताटली खाली जाते, दुसरं टोक बूच उचलतं. ताटली कलली की नाणं घसरून पडतं आणि बूच परत बसतं.

यातलं मर्म त्या घसरण्यात आहे. नाणं उघडतंही आणि आपल्या पायाने निघून जाऊन बंदही करतं. दोन हजार वर्षांनीही ही युक्ती जुनी वाटत नाही.

करायचं असेल तर नाण्याऐवजी 12 मिलिमीटर बोल्टचा लोखंडी वॉशर घ्या, वजन साधारण 6 ग्रॅम. तरफ 16 सेंटिमीटरची हलकी लाकडी पट्टी. टेकू असा ठेवा की ताटलीची बाजू 12 सेंटिमीटर आणि बुचाची 4 राहील. म्हणजे वॉशर 18 ग्रॅमचं ओझं उचलू शकतो. भांड्यात 10 सेंटिमीटर पाणी आणि तळाला 6 मिलिमीटरचं भोक असेल तर भोकावरचा पाण्याचा भार तीन ग्रॅमही भरत नाही, त्यामुळे बूच सहज उचललं जातं. जास्त पाणी यावं म्हणून भोक 16 मिलिमीटर केलंत तर तोच भार 20 ग्रॅम होतो आणि वॉशर ताटलीवर नुसता बसून राहतो. बूच गोल तळाचं, मऊ रबराचं हवं. चपटी रबरी चकती भोकापेक्षा मोठी असते, तिच्याखालचं पाणी निघून गेलं की सगळ्या पृष्ठभागावर दाब येतो आणि ती चिकटून बसते. बूच तरफेला पक्कं डकवू नका, दोऱ्याने लोंबकळू द्या, नाहीतर तरफेबरोबर तेही तिरकं होतं आणि गळतं.

रिकामी तरफ बुचाच्या बाजूला जेमतेम झुकलेली असावी. लांब बाजू मुळातच जड असते, म्हणून आखूड टोकाला मातीचा गोळा चिकटवून तोल साधा. तोल साधायला सगळ्यात जास्त वेळ लागतो, घाई करू नये.

मग ताटलीचा कल. सुरुवातीला ती आडवी हवी आणि खाली गेल्यावर 25 ते 30 अंशांवर अडायला हवी. दहा अंशांवरच अडली तर वॉशर हलतच नाही आणि सगळं भांडं रिकामं होतं. ताटली ओली झाली तरी हेच होतं, पाण्याचा पातळ थर वॉशरला धरून ठेवतो. गुळगुळीत कोरड्या ताटलीवरून वॉशर साधारण पाव सेकंदात घसरतो, तेवढ्यात सहा मिलिलिटर पाणी येतं. चमचाभर. जास्त हवं असेल तर ताटलीवर थोडा खरखरीत कागद लावा, वॉशर रेंगाळतो.

एक अन्याय मात्र दुरुस्त करायलाच हवा. भांड्यातलं पाणी पाव उंचीवर आलं की धार निम्मी होते, कारण पाण्याचा वेग उंचीच्या वर्गमुळावर ठरतो. म्हणजे पहिल्या भक्ताला चमचाभर आणि शेवटच्याला अर्धा. देवाच्या दारात हे बरं दिसत नाही. उपाय सोपा आहे: पाण्याची बाटली भांड्यात अशी उलटी उभी करा की तिचं तोंड पाण्याच्या पातळीवर बुडेल. पातळी उतरली की तोंडातून हवा आत शिरते, तेवढंच पाणी बाहेर येतं आणि पातळी जिथल्या तिथे राहते.

आता याचा घरगुती उपयोग. भोकातून येणारं पाणी नळीने कुंडीत सोडा. दिवसात कुणाचे मनातून आभार मानावेसे वाटले की एक वॉशर टाका. पाव लिटर पाणी जायला चाळीस-एक वॉशर लागतात, म्हणजे चाळीस आभार. रोपाकडे बघून घरात कृतज्ञता किती आहे ते कळतं. मोजमाप यंत्राकडे आणि आठवण आपल्याकडे, ही वाटणी मला योग्य वाटते. म्हणूनच विजेच्या मोटारीवर वाजणारी देवळातली घंटा मला पटत नाही. तिथे माणसाला करायला काहीच उरत नाही.

फिरणाऱ्या प्रार्थनाचक्राचं तसं नाही. तिबेटी बौद्ध परंपरेत मंत्र लिहिलेल्या कागदाची गुंडाळी चक्रात घालून ते घड्याळाच्या काट्यांच्या दिशेने फिरवतात. हाताने, पाण्यावर, वाऱ्यावर, दिव्याच्या उष्णतेवरही. दिव्यावरचं छोटं रूप करायचं तर पातळ अॅल्युमिनियमची 10 सेंटिमीटरची चकती घ्या, कडेपासून आत 12 काप द्या आणि प्रत्येक पाकळी 30 अंश पिळा. पिळताना काट्यांच्या दिशेने पुढे जाणारी कड खाली आणि मागची वर ठेवा, उलटं केलंत तर चक्र उलटं फिरतं. मध्ये भोक पाडू नका, बंद पडलेल्या बॉलपेनच्या टोकाने खळगा करा आणि तो उभ्या सुईच्या टोकावर ठेवा. मंत्र कागदावर नको, पेटेल. त्याच बॉलपेनने पत्र्यावरच कोरा. मेणबत्त्या मधोमध नव्हे, पाकळ्यांखाली, 15 सेंटिमीटर अंतरावर, तीन. पंखा चालू असेल तर चक्र हेलकावत राहतं.

शेवटचं, आणि सगळ्यात शांत: अगरबत्तीचं घड्याळ. चीनमध्ये अशी घड्याळं होती. जळत्या अगरबत्तीवरून दोरे टाकलेले, दोऱ्यांच्या टोकांना धातूचे गोळे. दोरा जळला की गोळे खालच्या थाळीत पडायचे. आधी तुमची अगरबत्ती एक सेंटिमीटर जळायला किती मिनिटं घेते ते दोनदा मोजा, दमट हवेत वेग बदलतो. मग ती आडवी ठेवा, हव्या त्या अंतरावर सुती दोरा आडवा टाका, दोन्ही टोकांना एक-एक ग्रॅमचा नट बांधा. पॉलिस्टरचा दोरा चालत नाही, तो जळण्याऐवजी वितळून काडीला चिकटतो. नट जड घेतले तर काडीच मोडते. खाली धातूची थाळी, खोलीला हवा खेळती. थाळी कापडावर ठेवली तर आवाज मेल्यासारखा येतो, तीन लहान खड्यांवर टेकवली तर शेजारच्या खोलीत ऐकू जातो.