सॅकमधली कुसळं आणि पाच मीटरचं अंतर

अंटार्क्टिकाला जाऊन आले त्याला आता तीन महिने होतील. भेटेल तो विचारतो काय काय ॲक्टिव्हिटी होत्या, पेंग्विन किती जवळून दिसले, थंडी सोसली का, आणि दर वेळी फोनवर तेच तेच सांगून झालंय म्हणून आज सगळं लिहूनच काढते.

सुरुवात कुसळांपासून करावी लागेल. अर्जेंटिनाच्या टोकाला उश्वाया नावाचं गाव आहे, तिथून आमचं जहाज निघालं, आणि दुसऱ्या दिवशी लाउंजमध्ये चक्क व्हॅक्यूम क्लीनर मांडून ठेवलेले. किनाऱ्यावर जाताना जे जे अंगावर घालणार ते सगळं घेऊन यायचं, जॅकेट, पँट, टोपी, सॅक, कॅमेऱ्याची बॅग, ट्रायपॉडसुद्धा. माझी सॅक तीच, गेली आठ वर्षं सह्याद्रीत माझ्या पाठीवर असते ती. घरी दोनदा धुतली होती, उन्हात वाळवली होती, मी एकदम निर्धास्त. जहाजावरच्या टीममधल्या मुलीने बाजूच्या खिशाचं वेल्क्रो उघडलं, टॉर्च मारला आणि चिमट्याने एकेक कुसळ काढून पांढऱ्या कागदावर ठेवायला लागली. नऊ निघाली! लेक म्हणाली, "आई, ही राजगडची असणार, दिवाळीत गेलो होतो ना आपण." गवतातून चालल्यावर मोज्यांत घुसतात, टोचतात, आपण ओढून फेकून देतो, तीच.

मला खरंच वाईट वाटलं. त्या मुलीने मात्र शांतपणे समजावलं की अख्ख्या अंटार्क्टिकात मूळची फुलझाडं दोनच आहेत, एक गवत आणि एक उशीसारखी पसरणारी छोटी वनस्पती, बाकी शेवाळं आणि दगडफूल. आणि तरी पोआ ॲनुआ नावाचं एक साधं गवत माणसांबरोबर येऊन किंग जॉर्ज बेटावर रुजलंय, ते उपटून काढायला माणसं लावावी लागली. राजगडचं गवत तिथल्या थंडीत जगलं असतं का ते सोडा, पण माझ्या पाठीवरून नऊ बिया तिथपर्यंत पोचत होत्या हे खरं. त्या क्षणापासून या ट्रिपकडे बघायची माझी नजर बदलली.

ड्रेक पॅसेजबद्दल फार लिहीत नाही. साधारण आठशे-हजार किलोमीटरचा खवळलेला समुद्र, दोन दिवस जातात, गोळी मळमळायच्या आधी घ्यायची, नंतर घेऊन उपयोग नाही. पण जरा बरं वाटलं की केबिनमध्ये पडून राहू नका, मागच्या डेकवर जा. तिथे अल्बट्रॉस येतो. वाँडरिंग अल्बट्रॉसचे पंख साडेतीन मीटरपर्यंत पसरतात, म्हणजे आमच्या ठाण्याच्या बेडरूममध्ये तो पंख उघडून मावणार नाही. मी घड्याळ लावून बघत होते, अकरा मिनिटं तो जहाजाच्या मागे होता, एकदाही पंख हलवला नाही, लाटेवरून उठणाऱ्या वाऱ्यावर नुसता वर जायचा आणि तिरका होऊन खाली यायचा, पंखाचं टोक पाण्याला लागतंय की काय असं वाटेपर्यंत.

आता पेंग्विन. आमचं पहिलं लँडिंग कुव्हरव्हिल बेटावर होतं, तिथे जेंटू पेंग्विनची मोठी वसाहत आहे. झोडियाक म्हणजे रबरी मोटरबोटी, एकेकीत आठ-दहा जण. चढता उतरताना एकमेकांचा हात धरायचा नाही, मनगटाच्या वर धरायचं, म्हणजे ग्लोव्हज निसटत नाहीत. जायच्या आधी गंबूट जंतुनाशकात बुडवायचे, आल्यावर ब्रशने घासून परत बुडवायचे. एका वेळी किनाऱ्यावर जास्तीत जास्त शंभर माणसं, आणि ज्या जहाजावर पाचशेपेक्षा जास्त प्रवासी असतात त्यांना उतरायलाच मिळत नाही. (बुकिंग करताना हे आधी विचारा, स्वस्त मिळतंय म्हणून मोठं जहाज घेतलंत तर सगळं डेकवरूनच बघावं लागेल.) आम्ही शंभरच्या वर होतो म्हणून अर्धे किनाऱ्यावर, अर्धे झोडियाकमधून हिमनगांमध्ये, मग अदलाबदल. आणि बर्ड फ्लू तिकडेही पोचल्यापासून जमिनीवर बसायचं नाही, गुडघा टेकायचा नाही, बॅगसुद्धा खाली ठेवायची नाही.

आणि सगळ्यात मोठा नियम पाच मीटरचा. प्राण्यापासून किमान पाच मीटर लांब, फर सीलपासून पंधरा.

वास आधी येतो, बेट नंतर. सुकटीच्या बाजारात भर उन्हात उभं राहिल्यावर येतो तसा, वर अमोनियाचा झोंबरा दर्प. बर्फ सगळा त्यांच्या विष्ठेने गुलाबी-लाल, कारण पेंग्विन खातात क्रिल. क्रिल म्हणजे आपल्या जवळ्यासारखंच दिसणारं, जरा मोठं, बोटाच्या दोन पेरांएवढं. मी नुसती एका दगडाशेजारी उभी राहिले. पाच मिनिटं काहीच झालं नाही, मग हळूहळू दिसायला लागलं. फेब्रुवारी होता त्यामुळे पिल्लं चांगली मोठी झालेली, राखाडी मऊ लव अंगावर, मध्ये मध्ये खरी पिसं फुटलेली. एक मोठा पेंग्विन समुद्रातून वर आला की दोन पिल्लं त्याच्यामागे धावत सुटायची, तो पुढे पळतोय, ही पडत-झडत मागे, शेवटपर्यंत जे पिल्लू मागे लागेल त्याला घास. माझ्यापासून सात-आठ मीटरवर एकाने चोच उघडली, पिल्लाने अख्खं डोकं आत घातलं, आणि बाहेर आलं तेव्हा चोचीच्या कडेला गुलाबी जवळा चिकटलेला. माझी आजी मला मऊ भात कालवून भरवायची तेव्हा माझ्या गालाला असाच लागलेला असायचा. डोळ्यांत पाणी आलं, खरंच आलं.

पाच मीटर आपल्यासाठी, पेंग्विनला नियम माहीत नाही. एक पिल्लू सरळ माझ्याकडे चालत आलं, दोन पावलांवर थांबलं, मान वाकडी करून बुटाकडे बघत राहिलं. गाइडने लांबून हाताने खूण केली, हळू मागे ये. मागे सरकले. ते पुन्हा पुढे. परत मागे सरकले.

काही मोठे पेंग्विन मात्र पुतळ्यासारखे उभे होते, अंगावरून पिसांचे झुपके लोंबतायत. मला वाटलं आजारी आहेत. तर ते जुनी पिसं टाकत होते. नवी पिसं येईपर्यंत त्यांना पाण्यात उतरता येत नाही, म्हणजे दोन-तीन आठवडे उपास, अंगातल्या चरबीवर काढायचे. आपण जवळ गेलो आणि तो दचकून पळाला तर तेवढी चरबी फुकट जाते. हे कळल्यावर पाच मीटरला नियम म्हणावंसंच वाटेना.

म्हणून मला राग आला तो आमच्यातल्याच एका माणसाचा. पेंग्विन बर्फातून रोज त्याच वाटेने चालतात, घळीसारखी खोल वाट पडते, तिला तिथे सगळे पेंग्विन हायवे म्हणतात. हा माणूस बरोब्बर त्या वाटेत उभा राहून लेन्स बदलत होता आणि त्याच्यापुढे एक पेंग्विन, पोट भरून समुद्रावरून आलेला, थांबून राहिलेला. पुढे येईना, मागे जाईना. वर कुठेतरी त्याचं पिल्लू भुकेलं. गाइडने त्या माणसाला बाजूला घेतलं, पण तोवर तीन-चार मिनिटं गेली. एवढे लाखो रुपये खर्च करून, जगाच्या टोकाला येऊन माणसाला समोर कोण उभं आहे हे दिसू नये?

मला या ट्रिपमधून एकच गोष्ट सांगायचीय. ब्रोशरमध्ये कयाक, कॅम्पिंग, स्नोशू वगैरे यादी असते, करा, मजा येते. पण तिथली सगळ्यात भारी ॲक्टिव्हिटी म्हणजे एका जागी गप्प उभं राहणं, त्याचे वेगळे पैसेही पडत नाहीत.

नेको हार्बरला आमचा पाय खऱ्या खंडावर पडला, त्याआधी सगळी बेटं. तिथे समोरच हिमनदी आहे. वळवाच्या ढगासारखा गडगडाट झाला, बघेपर्यंत बर्फाचा कडा खाली आलेला, आवाज नंतर पोचतो. गाइडनी आधीच सगळ्यांना पाण्यापासून वर नेलेलं, का ते दोन-तीन मिनिटांनी कळलं जेव्हा लाट येऊन वाळूवरचे हिमखंड उचलून गेली.

बऱ्याच जणांनी विचारलं, आपल्या मैत्री स्टेशनला गेलीस का. नाही हो, मैत्री नि भारती ही आपली दोन्ही संशोधन केंद्रं पार दुसऱ्या बाजूला, पूर्व अंटार्क्टिकात, तिकडे प्रवासी जहाजं अशी सहज जात नाहीत. पण आपली पहिली मोहीम डिसेंबर १९८१ मध्ये गोव्याहूनच निघाली होती, आणि आजही सगळं काम वास्कोच्या हेडलँड सड्यावरच्या ध्रुवीय संशोधन केंद्रातून चालतं, हे मी जहाजावर पाच-सहा परदेशी लोकांना अभिमानाने सांगितलं.

डिसेप्शन बेटावर लेकीने उडी मारली. कमरेला दोर, पाणी एक-दोन डिग्री, बाहेर आली ती लालबुंद आणि हसत. मी मात्र तिथल्या गंजलेल्या लोखंडी बॉयलरपाशी होते. १९३१ पर्यंत नॉर्वेच्या लोकांचा कारखाना होता तिथे, देवमाशांची चरबी उकळून तेल काढायचे. विसाव्या शतकात एकट्या दक्षिण गोलार्धात वीस लाखांहून जास्त देवमासे मारले गेले. मी बॉयलरला हात लावला नाही, लावायचाही नसतो, पण त्याच्या पोटाची उंची नुसती बघितली तरी गळ्याशी काहीतरी अडकतं.

आणि त्याच्या दोनच दिवस आधी विल्हेल्मिना बेमध्ये ते जिवंत दिसले होते. झोडियाकचं इंजिन बंद, समुद्र ताटातल्या पाण्यासारखा स्थिर, आजूबाजूला बर्फाचे तुकडे वितळताना चुरचुर आवाज करत होते, हजारो वर्षं अडकलेली हवा फुटून बाहेर येते त्याचा. आणि शेजारी दोन हंपबॅक झोपलेले. श्वास सोडला की फुस्स करून मोठ्ठा आवाज, मग कुजक्या माशांचा वास, मग चेहऱ्यावर बारीक तुषार. बोटीत कुणी बोलेना. मग त्यातला एक जागा झाला, आमच्या बोटीखालून गेला, वल्ह्यासारखा पांढरा पर हिरव्या पाण्यात चमकताना दिसला, बोटीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत आणि तरी संपेना, आणि पलीकडे जाऊन शेपटी वर काढून खोल गेला.

त्या शेपटीचा फोटो माझ्या लेकीने काढला. शेपटीच्या खालच्या बाजूची काळी-पांढरी नक्षी प्रत्येकाची वेगळी, आपल्या बोटांच्या ठशांसारखी. टीमच्या सांगण्यावरून तिने तो हॅपीव्हेल नावाच्या वेबसाइटवर टाकला, तिथे जगभरातून आलेले फोटो जुळवून बघतात. मागच्या मंगळवारी तिला मेल आला. हाच देवमासा इक्वाडोरच्या किनाऱ्यावर आधी दिसलाय, सोबत पिल्लू होतं. म्हणजे ती आई आहे. लेकीने तो मेल मला फॉरवर्ड केला, खाली एकच ओळ लिहून, "आई, परत कुठे दिसली तर ते कळवणार आहेत."