सिलोन जवळ, नागपूर लांब

वैशाखातल्या दुपारी बसस्टँडवरच्या रसवंतीत एफएम चालू असतं. चरकाची करकर आणि स्पीकरची खरखर एकात एक. नागपूरच्या सोन्याच्या दुकानाची जाहिरात लागते, मग फ्लॅटची, मग पुन्हा सोन्याची. मधे कुठंतरी गाणं. रस पिणाऱ्यांपैकी एकालाही फ्लॅट घ्यायचा नसतो, तरी बुकिंगची रक्कम सगळ्यांना तोंडपाठ.

मला रेडिओवरच्या जाहिराती आवडतात, हे आधीच सांगितलेलं बरं. गाणं फुकट ऐकायचं तर त्याचे पैसे कोणीतरी भरायला हवेत, आणि हा व्यवहार आपल्याला शिकवला तो समुद्रापलीकडच्या सिलोननं (आजची श्रीलंका). महायुद्धाच्या निमित्तानं दक्षिण-पूर्व आशियातल्या सैनिकांसाठी दोस्तांनी तिथं शॉर्टवेव्हचा 100 किलोवॅटचा ट्रान्समीटर उभारला होता. युद्ध संपलं, सैनिक घरी गेले, ट्रान्समीटर सिलोनला मिळाला. एवढ्या ताकदीचं यंत्र एका बेटापुरतं वापरायचं कशाला? पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला त्यावर जाहिरातींचा धंदा सुरू झाला. इकडे 1952 मध्ये नभोवाणीमंत्री केसकर यांनी आकाशवाणीवरून सिनेसंगीत हटवलं, म्हणजे गिऱ्हाईक आयतंच सिलोनच्या दारात. त्याच वर्षी 3 डिसेंबरला सिलोनवर सिनेगीतांची बिनाका गीतमाला सुरू झाली. बुधवार, रात्रीचे आठ, निवेदक अमीन सयानी. कार्यक्रम मुंबईत रेकॉर्ड व्हायचा, टेप विमानानं कोलंबोला जायची आणि तिथून आवाज वर्धा-वाशिमच्या ओसरीवर उतरायचा. सकाळी आठच्या ठोक्याला जुन्या गाण्यांच्या शेवटी गायक सैगल. त्यावर घड्याळ लावणारे होते. त्यांची घड्याळं बरोबर चालत.

कोलंबो नागपूरपासून सरळ रेषेत दीड हजार किलोमीटरहून जास्त. तरी यायचं, कारण शॉर्टवेव्हची लहर वर जाऊन आयनोस्फिअरवरून (हवेच्या वरच्या विद्युतभारित थरावरून) परतते आणि उडी मारून लांब उतरते. सेटवर 25 आणि 41 मीटर तरंगलांबीच्या खुणा असत. उन्हात 25 चांगला, दिवेलागणीनंतर 41. दोन वाटांनी आलेल्या लहरी एकमेकींना भिडल्या की आवाज फुगायचा, बसायचा. त्याला सेट जबाबदार नाही, उगाच मागचं झाकण उघडू नये. पत्र्याच्या छपराखाली आवाज दबतो, म्हणून एरियल बाहेर. दोन बांबूंमध्ये वीसेक फूट तांब्याची तार ताणायची (25 मीटरची चौथाई साधारण तेवढीच), दोन्ही टोकांना चिनीमातीचे गुटके लावायचे, म्हणजे ओल्या बांबूतून सिग्नल जमिनीत जात नाही. मृग कडाडू लागला की तार सेटमधून आधी काढायची. हे न करणाऱ्यांचे सेट तालुक्याला दुरुस्तीला जात आणि बहुतेक तिथंच राहत.

सरकारला उशिरा का होईना, जाग आली. 3 ऑक्टोबर 1957 ला विविध भारती आली, आणि 1 नोव्हेंबर 1967 ला मुंबई, पुणे, नागपूर इथं तिची जाहिरात सेवा सुरू झाली. नागपूरचं नाव पहिल्याच यादीत! पण ही सेवा तेव्हा मीडियम वेव्हवर होती. ही लहर दिवसा जमीन धरून चालते आणि अंतरानं थकते. रात्री आकाशातून परतते खरी, पण परराज्यातली केंद्रंही सोबत घेऊन येते, आणि एका गाण्याच्या पोटातून दुसऱ्याच भाषेतल्या बातम्या निघतात. उपाय एकच, सेट फिरवणे. आत एरियलचं काम करणारी फेराइटची कांडी असते. तिचं टोक केंद्राकडे झालं की आवाज पडतो, कांडी केंद्राला आडवी झाली की उघडतो. शेजारच्या विहिरीवरच्या मोटरचा स्टार्टर ठिणग्या टाकत असेल तर मात्र काहीही फिरवून उपयोग नाही.

सेलचं वेगळंच. दीड व्होल्टचे चार मोठे, सहा व्होल्ट. उतरले की उन्हात ठेवायचे, थोडा वेळ बरे चालत. भरत काही नसे, उष्णतेनं आतली रासायनिक क्रिया तेवढी जोर धरे. मात्र पातळ झालेलं जस्ताचं कवच फुटून लगदा स्प्रिंगवर आला की हिरवट गंज चढतो. पॉलिश पेपरनं घासला तर जातो. आवाजाच्या बटणाची खरखर घासून जात नाही, आतली कार्बनची पट्टी झिजलेली असते. डायलची दोरी सैल पडली की काटा 25 वर आणि गाणं भलतीकडेच. दोरी बदलताना गँगच्या (स्टेशन लावणाऱ्या कंडेन्सरच्या) चाकाला वेढे किती होते, ते आधी पाहून ठेवावं.

आणि आता एफएम. चार दिशांना फिरवायची कटकट नाही, आवाज धुतलेला. पण ही लहर वाकत नाही. शंभर मीटरचा मनोरा आणि छपरावर चार मीटर उंचीची तार धरली, तर दृष्टिरेषा पन्नास किलोमीटरच्या आसपास संपते. कोलंबो गडचिरोलीत ऐकू यायचं, नागपूरचं खासगी एफएम नाही. त्या रेषेपुढची गावं मेमरी कार्डावरची गाणी ऐकतात. खासगी एफएमला स्वतःच्या बातम्या देण्याचीही मुभा नाही, त्यामुळे जिथं ते पोचतं तिथं सोनं आणि फ्लॅट.

पर्लकोटा नदीला पूर आला की गडचिरोलीतल्या भामरागडचा रस्ता अजूनही बंद होतो. वीज जाते, मग मोबाइलच्या टॉवरची बॅटरी उतरते. गावातल्या फोनमध्ये एफएमपेक्षा लांब पोचणारी मीडियम वेव्ह नाही, आणि ज्या सेटमध्ये आहे तो दुकानात सांगून मागवावा लागतो.