साल खाली, पोट वर

पेटंट सर्च करणाऱ्या माणसाचं काम थोडक्यात सांगायचं तर ‘हे आधीच कुणीतरी करून ठेवलंय’ हे पुराव्यानिशी दाखवणं. पुण्यात असं काम करणाऱ्या बऱ्याच कंपन्या आहेत. बाणेर-हिंजवडीच्या एसीत बसून आम्ही दिवसभर लोकांच्या कल्पनांवर पाणी ओततो आणि त्याचा पगार घेतो. विषय बहुतेक वेळा बॅटरी, औषधं, नाहीतर मोबाइलचे असतात. त्यामुळे बांबूची केस आली तेव्हा कुणी फारसं उत्सुक नव्हतं आणि ती माझ्या गळ्यात पडली.

पार्टी कोकणातली. बांबूच्या कामट्या काढायचं छोटं युनिट, यंत्र गावातल्याच फॅब्रिकेटरकडून बनवून घेतलेलं. तशाच यंत्रासाठी दुसऱ्या एका कंपनीने पेटंटचा अर्ज केला होता, आणि ‘पेटंट मिळालं की तुमचं यंत्र बंद करावं लागेल’ असं पत्रही यांना पाठवलं होतं. अर्ज प्रसिद्ध झालेला, मंजूर व्हायचा होता. अशा वेळी पेटंट कायद्याच्या कलम २५(१) खाली कुणालाही विरोध नोंदवता येतो. मुंबईच्या वकिलांनी तयारी सुरू केली आणि प्रायर आर्ट, म्हणजे हे आधी कुणी केल्याचा पुरावा, शोधायचं काम आमच्याकडे आलं.

क्लेम, म्हणजे अर्जदार नेमका कशावर हक्क सांगतोय ते, वाचायला सोपा होता. फोडलेल्या बांबूची साल खालच्या, खोबणी पाडलेल्या रोलरवर टेकते. वरून स्प्रिंगवरचा रोलर दाब देतो. खालच्या रोलरपासून ठरावीक अंतरावर पातं बसवलेलं असतं, ते आतला भाग, म्हणजे पोट, तासतं. बांबू बुडाशी जाड असो, शेंड्याला बारीक असो, मध्येच वाकलेला असो, कामटी सगळीकडे एकाच जाडीची निघते. सगळी गोम स्प्रिंगच्या रोलरमध्ये आणि माप सालीकडून घेण्यात होती.

चिनी पेटंटांचा ढीग आधी उपसला. त्यातली बहुतेक यंत्रं फ्लोअरिंगसाठीची. त्यांना चौकोनी पट्टी हवी असते, म्हणून ती साल आणि पोट दोन्हीकडून रंधा मारतात. साल ठेवणारी काही सापडली, पण त्यांत पातं आणि रोलर दोन्ही घट्ट बसवलेले, नाहीतर तारीख अर्जानंतरची. कामाची नाहीत.

तेव्हा मी बांबू सोडला आणि लाकडाकडे वळले. लांब, पातळ, वाकवता येणारी पट्टी कुणाला लागायची? पिंपं बनवणाऱ्यांना. आंतरराष्ट्रीय वर्गीकरणात लाकूड वाकवणं आणि पिंपं बांधणं बी२७एच या एकाच खणात आहे, आणि अमेरिकेच्या जुन्या वर्गीकरणात तर पिंपांचा स्वतंत्र वर्गच होता, क्रमांक १४७. एकोणिसाव्या शतकात मैदा, सफरचंदं, साखर, चुना, सिमेंट, खिळे, सगळं पिंपांतून जायचं. दारू-तेलाच्या पिंपांना फळ्या आवळून धरायला लोखंडी कडी लागत. कोरड्या मालाच्या पिंपांना लाकडाची कडी चालत, आणि ती स्वस्त पडत. बंदुकीच्या दारूच्या पिंपांना तर लोखंड नकोच असे, ठिणगीच्या भीतीने.

या जुन्या पेटंटांत एकदा शिरलं की बाहेर पडवत नाही. पानभर ड्रॉइंग, त्यात बारीक अक्षरांनी दाखवलेले भाग, खाली साक्षीदारांच्या सह्या, आणि वर्णन दोन-तीन पानांत खलास. आजचे अर्ज चाळीस पानं घेतात आणि यंत्र कसं चालतं ते तरीही कळत नाही. अडचण शोधण्याची. १९७६ पूर्वीच्या अमेरिकन पेटंटांचा मजकूर स्कॅनवरून संगणकाने वाचलेला असतो, त्यामुळे अक्षरांची पार वाट लागलेली असते. शब्द टाकून शोधलं की निम्मं निसटतं. वर्ग उघडायचा आणि एकेक ड्रॉइंग डोळ्यांखालून घालायचं, एवढाच उपाय. त्यातही १८३६ च्या डिसेंबरात वॉशिंग्टनचं पेटंट ऑफिस जळालं आणि तोवरची सुमारे दहा हजार पेटंटं गेली. त्यातली थोडीच नंतर प्रतींवरून परत उभी करता आली. त्याच्या मागे जायचं म्हणजे नशिबावर हवाला.

मला मिळालं ते शतकाच्या शेवटाकडचं, एल्म या झाडाच्या लाकडाच्या कड्यांचं यंत्र. ओहायो, इंडियाना, मिशिगन या पट्ट्यात हा धंदा तेव्हा जोरात होता. ओहायोतल्या डिफायन्स गावचा डिफायन्स मशीन वर्क्स हा कारखाना आपल्या जाहिरातीत चाकांच्या यंत्रांच्या जोडीला कड्यांची यंत्रंही मांडायचा. पद्धत अशी: एल्मच्या फळ्या उकळत्या पाण्यात मऊ करायच्या, गरम असतानाच त्यांच्या पट्ट्या पाडायच्या, पट्टीची एक कड जाड आणि एक पातळ ठेवायची, कारण पिंपाचं पोट फुगीर असतं आणि कडं उतारावर बसतं. मग एक टोक निमुळतं करायचं, दुसरं जोडासाठी तासायचं आणि ऊब आहे तोवर वेटोळं करून बांधायचं. पिंपवाला ते सोडवून, जोडावर खिळे मारून वापरायचा. रोलर होते, पातं होतं, गरम वेटोळं होतं. मी रिपोर्टचा मसुदा पाठवून दिला.

सकाळी वकीलबाईंचा फोन आला. त्यांचा सूर नेहमीसारखा गोड नव्हता.

“हे टिकणार नाही हो. समोरचा म्हणेल, एल्मची फळी चौकोनी कापलेली, सरळ. तिला माप कुठूनही घ्या. आमचा प्रश्न वाकड्यातिकड्या गोल बांबूचा आहे. साल कुठे आहे तुमच्या एल्मला?”

बाई बरोबर होत्या. एल्मचे तंतू एकमेकांत अडकलेले असतात. त्याला फोडायला गेलं तर ते वेडंवाकडं फाटतं, म्हणून ते कापावंच लागतं. बांबू त्याच्या अगदी उलट, कोयता लावला की शेवटपर्यंत चिरत जातो. त्या यंत्राने सोडवलेली अडचण आमच्या अर्जातली नव्हतीच. नुसते सुटे भाग जुळून भागत नाही, तज्ज्ञ माणसाला इथून तिथे जायची वाट दिसली पाहिजे. पेटंट कंट्रोलरने पहिल्याच सुनावणीत ते उडवून लावलं असतं.

दुपारी मी बुरुड आळीत गेले. ऑफिसातून कुणी असं जात नाही, आमची सगळी दुनिया स्क्रीनवर असते. पण बांबू तासताना मी आयुष्यात पाहिलेला नव्हता आणि ते मला टोचत होतं. अर्ज प्रसिद्ध झालेला असल्यामुळे ड्रॉइंग दाखवायला हरकत नव्हती. सुपं, टोपल्या आणि शिड्यांच्या मधून वाट काढत एका दुकानापाशी थांबले. सत्तरीचे एक काका बाहेर बसून कामट्या काढत होते. मी कागद पुढे केला. त्यांनी तो हातात घेतला नाही, मान तिरकी करून पाहिला.

“काय आहे ताई हे? रसवंतीचं मशीन?”

मी समजावलं. हे कळायला कागद कशाला, असा चेहरा करून त्यांनी एक चिरलेला बांबू उचलला. मांडीवर जाड कातडं होतं. त्यावर साल खाली ठेवली, डाव्या हाताचा अंगठा वरून दाबला आणि उजव्या हातातली सुरी त्या अंगठ्याच्या पुढे, आतल्या बाजूवर आडवी टेकवली. सुरी जागची हलली नाही. त्यांनी बांबूच मागे ओढला. पेराच्या गाठीशी बांबू जाड झाला तसा अंगठा आपोआप उचलला गेला, गाठ गेली तसा परत खाली बसला. पोटाचा पांढरा पापुद्रा लांबच लांब सुटत गेला. कामटी त्यांनी माझ्या हातात दिली. मी दोन्ही टोकं चिमटीत धरून पाहिली, जाडीत फरक कळेना.

“साल खाली, पोट वर,” काका म्हणाले. “पोट कसंही असतं. त्याचं माप कोण घेतं?”

मांडी म्हणजे खालचा रोलर, अंगठा म्हणजे स्प्रिंग, सुरी म्हणजे पातं. क्लेम एक, जसाच्या तसा. कलम २५(१) मध्ये एक मुद्दा नेमका यासाठीच आहे, स्थानिक समाजाकडे आधीपासून असलेलं ज्ञान, तोंडी असलं तरी चालतं. मी काकांना विचारलं, असं लिहून सही करून द्याल का? ते हसले. “कोर्टकचेरी नको ताई. सूप हवं असेल तर सांगा.” सूप घेतलं.

रिक्षात बसल्यावर डोक्यात एकच प्रश्न होता. पिंपाच्या कुठल्या कड्यावर साल शिल्लक राहायची? एल्मच्या नाही. पण एल्मच्या आधी काय वापरत होते? कोवळी झाडं. हिकरी, ॲश, ओक यांची बोटभर-दोन बोटं जाडीची सरळसोट रोपं. अमेरिकेतले शेतकरी हिवाळ्यात शेतीची कामं नसताना ती तोडायचे, मधोमध चिरायचे, आतली बाजू तासून सपाट करायचे आणि बाहेरची साल तशीच ठेवायचे. टोकांना खाचा पाडून त्या एकमेकींत अडकवल्या की कडं तयार, खिळा नको. या काठ्यांचा व्यापार इतका होता की इलिनॉयमध्ये हूपपोल, म्हणजे कड्याची काठी, नावाचं गावच आहे. पुढे अशी रोपं पुरेनाशी झाली तेव्हा मोठ्या झाडांच्या फळ्यांवर चालणारी एल्मची यंत्रं फोफावली. म्हणजे मी शोधत होते ते पुढच्या काळात नाही, मागच्या काळात असायला हवं होतं. गंमत म्हणजे एल्मही टिकलं नाही. १९३० मध्ये ओहायोत डच एल्म रोग आला आणि त्या जातीची उभी झाडं वाळून गेली. पण तोवर पिंपांचेच दिवस सरत आले होते.

ऑफिसात परतले तेव्हा लोक निघायच्या बेतात होते. मी वर्ग १४७ पुन्हा उघडला आणि या वेळी यादी उलट्या टोकाने, जुन्याकडून धरली. काठ्या चिरणारी आणि तासणारी यंत्रं तिथे ओळीने होती. काही हातचाकाची, काही पट्ट्यावर चालणारी. काहींत नुसतं चिरणारं पातं. काहींत रोलर होते पण घट्ट, म्हणजे काठी बुडाशी जाड असली की अडकलीच असणार.

आणि मग १८५० च्या दशकातलं एक आलं. खाली खोबणीचा रोलर, त्यावर काठीची साल. वर दुसरा रोलर, तरफेच्या टोकाला, तरफेला स्प्रिंग. मधल्या जागेत पातं, खालच्या रोलरपासूनचं अंतर स्क्रूने ठरवायचं. वर्णनात शोधकर्त्याने कारणही लिहून ठेवलं होतं: काठ्या सारख्या जाडीच्या नसतात, गाठी असतात, म्हणून वरचा रोलर जागा देणारा हवा आणि कड्याची जाडी सालीपासून मोजली जायला हवी. मी ते वाक्य तीनदा वाचलं. स्कॅनमध्ये मधली दोन अक्षरं पुसट होती, म्हणून मूळ पानाची प्रतिमा मोठी करून पाहिली. तेच होतं. बुरुड आळीतल्या काकांची मांडी, अंगठा आणि सुरी, ओतीव लोखंडात.

वकीलबाईंना फोन केला तेव्हा त्या ट्रेनमध्ये होत्या. आवाज तुटत होता. “साल आहे?” एवढंच त्यांनी विचारलं. आहे म्हटल्यावर म्हणाल्या, “मग आज रात्रीच पाठवा.”

विरोध दाखल झाला. अंटॉप हिलच्या पेटंट ऑफिसातल्या सुनावणीला मी गेले नाही, आम्हाला कुणी बोलावत नाही. पण नंतर कळलं की ‘ते अमेरिकन झाड, हे भारतीय गवत’ असा युक्तिवाद समोरच्यांनी केला. बांबू हे गवत आहे हे खरंच आहे. पण रोलरला त्याच्याशी काय देणंघेणं? अडचण तीच, उपाय तोच, आणि कारणही त्या जुन्या कागदावर छापलेलं. शेवटी त्यांनी क्लेम आवळून घेतला: पेराची गाठ आधीच ओळखणारा सेन्सर, आणि त्यानुसार फीडचा, म्हणजे बांबू आत सरकवायचा, वेग कमी करणारी मोटर. आमच्या पार्टीच्या यंत्रात दोन्ही नाही, त्यामुळे त्यांचं युनिट चालू आहे. त्या सेन्सरला पेटंट मिळालं तर माझी काही तक्रार नाही. मीही शोधून पाहिलं, तो खरंच आधी कुणाकडे नव्हता.