पातेलं लहानच ठेवलं: आमची वाटचाल

घरापुरती फळं टिकवून ठेवणं हे आमच्याकडे हंगामाचं काम होतं, धंदा नव्हता. फळ मुबलक आणि रसरशीत असेल तेवढे दिवस घरातले सगळे त्याच्याच मागे. आधी नुसतं खायचं, मग ताजं शिजवून खायचं, आणि त्यातूनही उरेल ते बरणीत, हा क्रम सासूबाईंनी घालून दिलेला. मला तो आजही पटतो. उत्तम पिकलेलं फळ खायचं सोडून त्याचा जॅम घालत बसणारी माणसं मला कळत नाहीत, आणि हे जॅम विकणारी बाई सांगते आहे. बरण्या आधी नातेवाइकांकडे जात, मग शेजारी, मग शेजाऱ्यांच्या ओळखीत. शेवटी माझ्या धाकट्या जाऊबाईंनी वही काढली आणि कुणाला काय दिलं, कुणाकडून काय यायचं, ते लिहायला घेतलं. आमचा उद्योग त्या वहीपासून सुरू झाला असं आम्ही समजतो.

वहीनंतर पहिली खरेदी झाली ती भांड्यांची नाही, मोजमापाच्या साधनांची. घरची बरणी घरातलंच कुणीतरी उघडतं. वास वेगळा आला, वर बुरशीचा ठिपका दिसला, की ती सरळ टाकली जाते. विकलेली बरणी कोण उघडेल, कुठे ठेवेल, किती दिवस चाटेल, याचा काही भरवसा नाही. म्हणून थर्मामीटर, आंबटपणा मोजणारा पीएच मीटर आणि रसातली साखर दाखवणारा रिफ्रॅक्टोमीटर आले. गंमत म्हणजे सासूबाईंची थंड बशी आणि आमचा रिफ्रॅक्टोमीटर क्वचितच भांडले. गार बशीवर थेंब टाकून तो बोटाने सरकवला आणि वर सुरकुती आली, की यंत्रात आकडा ६५ टक्क्यांच्या आसपास असायचा. समुद्रसपाटीला तेव्हा उकळत्या जॅमचं तापमान १०४ ते १०५ अंश सेल्सिअस असतं. उंचावर राहणाऱ्यांनी हा आकडा जसाच्या तसा धरू नये. साधारण दर ३०० मीटरमागे पाणी एक अंश आधीच उकळतं. आपल्या ओट्यावर साधं पाणी किती अंशांवर उकळतं ते बघायचं आणि त्यात साडेचार ते पाच अंश मिळवायचे, म्हणजे काम झालं.

मागणी वाढली तसा प्रत्येक हितचिंतक एकच सल्ला द्यायचा: मोठं पातेलं घ्या. इथे जाऊबाई शाळेतलं गणित घेऊन बसल्या. पातेल्याची लांबी, रुंदी, खोली सगळं दुप्पट केलं तर आत माल आठपट मावतो, पण वाफ जायला वरचा पृष्ठभाग फक्त चौपट होतो. पाणी उडायला वेळ लागतो, तेवढा वेळ फळ आचेवर राहतं, रंग काळपटतो, साखरेला करपल्याचा वास लागायला सुरुवात होते, आणि जास्त शिजल्याने पेक्टिन, म्हणजे जॅमला घट्ट धरणारा फळातला चिकट घटक, तुटून जॅम उलट पातळ राहतो. मोठे कारखाने यावर उपाय म्हणून बंद भांड्यातली हवा खेचून घेतात. दाब कमी झाला की पाणी कमी तापमानाला उकळतं आणि फळाचा रंग टिकतो. ती यंत्रणा आमच्या आवाक्यातली नव्हती. आम्ही पातेलं मोठं करण्याऐवजी शेगड्या वाढवल्या. पसरट, जाड बुडाची पातेली, अर्ध्यापेक्षा कमी भरलेली, आणि प्रत्येकीपाशी एक माणूस पळी घेऊन उभा. खर्च जास्त येतो, हे खरं. पण आमच्या बरणीत जे वेगळं लागतं ते एवढंच आहे, गुप्त मसाला वगैरे काही नाही.

फळ विकत घेताना आम्ही मुद्दाम सगळं पिकलेलं घेत नाही. व्यापाऱ्यांना आधी याचं नवल वाटायचं. जॅम धरतो तो पेक्टिनमुळे, आणि फळ जसजसं पिकतं तसतसं त्यातलं पेक्टिन मोडत जातं. फळ मऊ होतं ते त्यामुळेच. म्हणून साधारण पाव हिस्सा किंचित कच्चट आणि बाकीचा पिकलेला: पहिल्याने जॅम धरतो, दुसऱ्याने स्वाद येतो. सफरचंद, पेरू, लिंबू-संत्र्याची साल यांत पेक्टिन भरपूर, तर स्ट्रॉबेरी आणि अननसात कमी. अशा वेळी बाजारचं पेक्टिन घालायला हरकत नाही. पण सफरचंदाचे गाभे, साली आणि लिंबाच्या बिया मलमलच्या फडक्यात पुरचुंडी बांधून फळासोबत शिजवल्या आणि शेवटी घट्ट पिळून काढल्या, तरी पुष्कळ फरक पडतो. लिंबाचा रस चवीपुरता नसतो, आंबटपणा नसेल तर पेक्टिन असूनही धरत नाही. आणि साखर फळ मऊ शिजल्यावरच घालायची. आधी घातली की साली चिवट होतात, मग कितीही उकळा. साखर विरघळेपर्यंत आच मंद, त्यानंतर मोठी आणि झटपट.

गेल्या काही वर्षांत सर्वांत जास्त विचारला जाणारा प्रश्न म्हणजे ‘साखर निम्मी करता येईल का?’ येते, पण तेव्हा तो पदार्थच वेगळा होतो. जॅममधली साखर पाणी धरून ठेवते, आणि ते पाणी जंतूंना, बुरशीला वापरता येत नाही. टिकण्याचं निम्मं काम ती करते. शिवाय नेहमीचं पेक्टिन साखर ५५ टक्क्यांच्या खाली गेली की नीट जमत नाही. कमी साखरेसाठी कॅल्शियमवर जमणारं वेगळं पेक्टिन मिळतं. आम्ही ते वापरून कमी साखरेच्या बरण्या करतो, पण त्या लहान असतात, उघडल्यावर फ्रिजमध्येच ठेवायच्या असतात आणि लवकर संपवायच्या असतात. लेबलावर हे मोठ्या अक्षरांत छापलं तेव्हा विक्रेत्याने तोंड वाकडं केलं. मला वाटतं, जे घरच्या मुलांना देताना आपण तोंडी बजावतो तेच परक्या घरी छापून पाठवायला हवं.

काही कामं आम्ही घेतच नाही. फळांचं टिकवणं सोपं जातं, कारण बहुतेक फळं आंबट असतात. पीएचचा आकडा जितका कमी तितकं फळ आंबट; ज्याचा पीएच ४.६ च्या खाली, त्यात बोटुलिझम या जीवघेण्या विषबाधेचं विष तयार करणारे जीवाणू वाढत नाहीत. म्हणून उकळत्या पाण्यात बाटल्या ठेवण्याची घरगुती रीत फळांना पुरते. पिकलेली पपई, खरबूज आणि बहुतेक भाज्या या रेषेच्या वर असतात. उकळत्या पाण्याने त्या जीवाणूंचे बीजाणू मरत नाहीत. त्यासाठी दाबाखालची १२१ अंशांची वाफ लागते. तुमच्या-आमच्या ओट्यावर हे होणार नाही. ‘आमची आजी करायची, काही झालं नाही’ असं म्हणणारे येतात. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, पण ऑर्डरही घेत नाही. पपई फ्रीझरमध्ये उणे १८ अंशांना छान राहते, तीच वाट बरी.

एका मोठ्या दुकानदाराने वर्षभर, दर महिन्याला, एकाच चवीचा माल मागितला होता. हंगामाच्या सुरुवातीचं फळ आंबट, मधलं गोड, शेवटचं जरा पिठूळ. चव एकसारखी ठेवायची तर ती कृत्रिम स्वादानेच ठेवावी लागते. आम्ही नाही म्हटलं. त्याऐवजी फळांच्या येण्याजाण्याप्रमाणे आमची यादी बदलते आणि मधल्या सुन्या आठवड्यांत फ्रीझ करून ठेवलेल्या फळावर काम चालतं. फ्रीझ केलेल्या फळाचा जॅम किंचित सैल होतो, त्यात लिंबू थोडं जास्त लागतं.

आमच्या भिंतीवर निकोला आपेरचं चित्र आहे. तो फ्रान्सचा मिठाईवाला. काचेच्या बाटलीत अन्न भरून, बूच घट्ट बसवून उकळत्या पाण्यात ठेवलं की ते महिनोन्‌महिने टिकतं, हे त्याने दाखवलं आणि १८१० मध्ये सरकारकडून १२,००० फ्रँकचं बक्षीस मिळवलं. ते का टिकतं हे मात्र त्याला ठाऊक नव्हतं. जंतूंचा खुलासा पाश्चरने केला, त्याला आणखी अर्धं शतक लागलं. कामावर नवी आलेली मुलगी ‘हे असंच का करायचं?’ विचारते, तेव्हा उत्तर येत असेल तर द्यायचं आणि येत नसेल तरी कृती मोडायची नाही, हे या चित्राकडे बोट दाखवून सांगता येतं.

आता आमच्या कामाचा जवळजवळ निम्मा भाग लोकांच्या स्वतःच्या फळांचा आहे. परसातलं झाड एकदम लगडतं, घरी खाऊन संपत नाही, मग पाट्या आमच्याकडे येतात. तोडल्यावर दोन दिवसांच्या आत आणाव्यात, डागाळलेला भाग कापून टाकता येतो पण बुरशी धरलेलं फळ आम्ही पूर्ण बाजूला काढतो. प्रत्येक घराचं फळ वेगळ्या पातेल्यात शिजतं, म्हणजे तुमचं तुम्हालाच परत मिळतं. बरण्यांमध्ये माल ८५ अंशांच्या वर असतानाच भरतो आणि काठापासून सुमारे अर्धा सेंटिमीटर जागा सोडतो. गार होताना झाकणाचा मधला भाग टक्‌ करून आत बसला पाहिजे. बसला नाही तर ती बरणी फ्रिजमध्ये ठेवून आधी संपवायची. रिकाम्या बरण्या धुऊन परत आणल्या तर आम्ही पुन्हा वापरतो, फक्त काठाला टवका गेलेला नसावा. झाकण मात्र दर वेळी नवं लागेल.