खुस्रोचा मुकुट

आज दुपारभर भिंग हातातून सुटलं नाही. प्राचीन इराणच्या सासानी घराण्यातला सम्राट दुसरा खुस्रो (इ.स. ५९०–६२८) याचा द्राख्म, म्हणजे चांदीचं नाणं, अखेर संग्रहात आला! वजन जेमतेम चार ग्रॅम, पत्रा पापडासारखा पातळ. पण मुकुट बघा: दोन पसरलेले पंख, वर चंद्रकोर आणि तारा. सासानी राजे मुकुटावरूनच ओळखू येतात. नाण्याच्या मागच्या बाजूला अग्निवेदी, दोन बाजूंना तलवारीवर हात टेकलेले रक्षक, कडेला पहलवी या जुन्या इराणी लिपीत राज्यवर्ष आणि टांकसाळ. एवढ्याशा जागेत केवढं कोरलंय! आपल्याकडच्या मध्ययुगीन गधैया नाण्यांवर हीच वेदी पुढे नुसत्या रेघा-ठिपक्यांत उरली. तरी मला तीही सुंदरच वाटतात. आता खुस्रोच्या आधीचा सासानी राजा पेरोझ याचा द्राख्म शोधतोय, गधैयांचं मूळ त्याच्याच नाण्यांत आहे.