पंचवीस डिसेंबर आला कुठून?

नाताळ जवळ आला की कोणीतरी विचारतंच, "पंचवीस डिसेंबर बायबलमध्ये आहे का हो? तो तर रोमन लोकांचा सूर्याचा सण, चर्चने ढापलेला!" पूर्वी बाहेरचे मित्र विचारायचे, हल्ली आमच्याच मंडळीतली तरुण पोरं मोबाइल पुढे करून विचारतात.

तर तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. तारीख बायबलमध्ये नाही. मत्तय आणि लूक जन्माची हकिकत सांगतात, दिवस-महिना दोघांनीही दिलेला नाही. तिसऱ्या शतकातला ख्रिस्ती विद्वान ओरिजेन तर वाढदिवस साजरे करण्यावरच नाराज होता. शास्त्रात वाढदिवस कोणाचे आहेत, तर इजिप्तच्या राजाचा, म्हणजे फारोचा, आणि हेरोद राजाचा, असं त्याचं म्हणणं. (दोन्हींत कोणाचा ना कोणाचा जीव गेला!)

इथवर पोरांचं बरोबर आहे. 'ढापला' म्हणताना मात्र घाई होते. रोममधलं ३५४ सालचं एक पंचांग आहे. त्यात २५ डिसेंबरला 'अजिंक्या'चा, म्हणजे सूर्यदेवाचा जन्मदिन लिहिलाय आणि त्यानिमित्त रथांच्या ३० शर्यती. त्याच ग्रंथातल्या हुतात्म्यांच्या यादीत त्याच तारखेला ख्रिस्ताचा बेथलेहेमातला जन्म आहे, आणि ती यादी ३३६ सालची मानतात. मग कोणी कोणाचं उचललं? सम्राट ऑरेलियनने २७४ मध्ये सूर्याचं देऊळ उभारलं हे खरं, पण ही तारीख त्याने ठरवली असं त्याच्या काळातलं कुठलंच लिखाण सांगत नाही.

मला दुसरा हिशेब जास्त पटतो. इ.स. २००च्या सुमारास ख्रिस्ती लेखक टर्टुलियन वधस्तंभाचा दिवस २५ मार्च धरतो. येशू गर्भात आला तोही त्याच तारखेला, अशी समजूत पुढे संत ऑगस्टिनच्या लिखाणात स्पष्ट दिसते. त्यात नऊ महिने मिळवा, की २५ डिसेंबर. पूर्वेकडच्या चर्चमध्ये ६ एप्रिल धरायचे, म्हणून ६ जानेवारी. आर्मेनियन चर्च आजही तोच दिवस पाळतं. अर्थात हाही अंदाजच.

सूर्याचा संबंध मात्र अगदीच झटकता येत नाही. पाचव्या शतकात पोप लिओ नाताळच्या प्रवचनात चिडून सांगतो, की लोक संत पेत्राच्या चर्चच्या पायऱ्या चढतात आणि आत शिरण्याआधी मागे वळून उगवत्या सूर्याला मान लववतात.

तारीख माणसांनी ठरवली म्हणून सणच टाकायचा, तर तेही करून झालंय. अमेरिकेत मॅसॅच्युसेट्सच्या प्युरिटनांनी, म्हणजे कडव्या प्रोटेस्टंटांनी, १६५९ मध्ये नाताळ पाळणाऱ्याला पाच शिलिंग दंड लावला. १६८१ मध्ये तो कायदा रद्द झाला.