आमची वाटचाल: सूं आवाजाशी मांडलेलं भांडण

काका आमच्याकडे पहिल्यांदा आले तेव्हा त्यांनी गाणं लावलंच नाही. खिशातून स्वतःचे इअरफोन काढले, कानात घट्ट बसवले, आमचं अँप, म्हणजे इअरफोनला जोडायचा छोटा ॲम्प्लिफायर, चालू केलं आणि डोळे मिटून बसले. अँपला फोनसुद्धा जोडलेला नव्हता. मिनिटभराने म्हणाले, "अहो, हे बोलतंय की."

मी म्हटलं, "काका, अजून काही लावलंच नाहीये."

"तेच म्हणतोय मी. काही लावलं नाही तरी बोलतंय. सूं करतंय सारखं."

मला राग आला. रात्र रात्र जागून बनवलेली वस्तू होती ती. चू मॉय यांचं खिशातल्या अँपचं डिझाइन आमच्या धंद्यातल्या प्रत्येकाने एकदा तरी गोळ्यांच्या पत्र्याच्या डबीत बसवून पाहिलेलं असतं. एक ऑप-अँप (सिग्नल मोठा करणारी छोटी चिप), एक नऊ व्होल्टची बॅटरी, मूठभर रेझिस्टर. आम्ही त्याचाच पीसीबी (सुटे भाग बसवायचा बोर्ड) नीट आखून, बरी पेटी करून विकायला काढला होता. गेन, म्हणजे सिग्नल कितीपट करायचा तो आकडा, मूळ डिझाइनमध्ये होता तोच, ११. आमच्याकडे तपासायला ३०० ओमचे मोठे हेडफोन होते. त्यांच्यावर ते अँप मस्त वाजायचं आणि सूं आवाजाचा मागमूसही नसायचा. काकांचे इअरफोन मात्र बॅलन्स्ड आर्मेचर या बारीक, फार संवेदनशील जातीचे, १६ ओमचे, एका मिलीवॉटला ११५ डेसिबल देणारे. मी ते कानात घातले आणि गप्प झालो. पाऊस लांबून ऐकू यावा तसा आवाज होता.

त्या रात्री मी आणि माझा मेहुणा हिशेब करत बसलो. मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, धंद्यातला माझा पहिला भागीदार. सोल्डरिंगचा हात त्याचा, आकडेमोड माझी. १६ ओममध्ये एक मिलीवॉट म्हणजे साधारण ०.१२६ व्होल्ट. ऑप-अँपचा, रेझिस्टरचा आणि व्हॉल्यूमच्या पॉटचा (फिरवायच्या बटणामागच्या रेझिस्टरचा) नॉइज, म्हणजे तोच सूं आवाज, मिळून आत दीड मायक्रोव्होल्टच्या आसपास, पण तो गेनमुळे अकरापट होऊन बाहेर पडायचा. सतरा मायक्रोव्होल्ट. त्या इअरफोनवर त्याचे होतात ३७ डेसिबल. दिवसा पंख्याखाली ते कळणार नाहीत. काका मात्र रात्री, घर झोपल्यावर ऐकायचे.

मेहुणा म्हणाला, "दाजी, या इअरफोनला अँप लागतच नाही. याला गप्प बसणारं काहीतरी लागतं."

आमच्या फर्मचा पाया तिथे पडला असं मी मानतो. कागदावरची नोंदणी त्याआधीची आहे, ती सोडून द्या. अशा इअरफोनवर ८० डेसिबलने ऐकायला दोन-सव्वादोन मिलीव्होल्ट पुरतात. साधा फोनही एक व्होल्टपर्यंत देऊ शकतो. त्याला अकरापट करून द्यायचं आणि मग पॉटने सगळं दाबायचं, हा उलटा कारभार होता. पॉट जवळजवळ शून्यावर ठेवून ऐकावं लागायचं आणि स्वस्त कार्बन पॉटचे दोन ट्रॅक, डाव्या कानाचा आणि उजव्याचा, तिथेच एकमेकांशी जुळत नाहीत. म्हणून काकांची दुसरी तक्रार होती की गाणं आधी डाव्या कानात येतं, उजवा मागून जागा होतो.

आम्ही गेन २ वर आणला. गेन ठरवणारे फीडबॅकचे रेझिस्टर कमी ओमचे घेतले, कारण १० किलोओमचा रेझिस्टर नुसता जागेवर बसून ऐकू येणाऱ्या पट्ट्यात पावणेदोन मायक्रोव्होल्टचा नॉइज देतो, त्याला काही करायला लावायचीही गरज नसते. स्थिर व्होल्टेज अडवायला लावतात तो कपॅसिटर आउटपुटला ठेवला नाही. २२० मायक्रोफॅरड पुष्कळ वाटतो, पण १६ ओमसमोर तो ४५ हर्ट्झपासूनच खालचा बास कापू लागतो. त्याऐवजी प्रत्येक नगाचा डीसी ऑफसेट (तोच स्थिर व्होल्टेज) मोजायचा, दोन मिलीव्होल्टच्या वर गेला की नग मागे.

आता तो नॉइज मोजायचा कशाने? हाताशी असलेला मल्टिमीटर तीन मायक्रोव्होल्ट दाखवत नाही. मग आम्ही हजारपट करणारा एक प्रीअँप बांधला, स्वतः अत्यंत शांत, बॅटरीवर चालणारा, जाड पत्र्याच्या डब्यात बंद. अँपच्या आउटपुटला १६ ओमचा डमी लोड (इअरफोनऐवजी लावलेला रेझिस्टर), तिथून हा डबा, आणि डब्यातून मीटर. तीन मायक्रोव्होल्टचे तीन मिलीव्होल्ट होऊन समोर दिसतात. झाकण नीट बसलं नाही तर घरातल्या विजेची पन्नास हर्ट्झची गुणगुण आत शिरते, म्हणून त्याला चार स्क्रू आहेत आणि चारही लावायचेच, तीन चालत नाहीत. तो डबा आजही टेबलावर आहे. त्याच्या शेजारी पॉट निवडायची लाकडी फळी आहे: पॉट बसवायचा, काटा खालच्या पाचव्या भागात फिरवायचा, दोन्ही ट्रॅकमधला फरक पाहायचा. एक डेसिबलच्या आतला घ्यायचा, बाकीचे परत. पॉट देणारा वैतागायचा. वैतागू दे. (नंतर आम्ही डिजिटल व्हॉल्यूमच्या चिपवर गेलो, तिथे हा प्रश्न उरला नाही. तरी फळी मी टाकलेली नाही.)

पुढची काही वर्षं बरी गेली.

मग ते प्रदर्शन आलं. आमच्या समोरच्याच स्टॉलवर एक मोठी कंपनी होती. नाव लिहीत नाही, या धंद्यातल्यांना कळेल. त्यांच्या पोर्टेबल अँपच्या पेटीवर मिलीवॉटचा आकडा हातभर लांब छापलेला. लोक तिथे ऐकायचे आणि तेच इअरफोन घेऊन आमच्याकडे यायचे. व्हॉल्यूमचा काटा तिथे जिथे होता तिथेच इथेही ठेवायचे आणि म्हणायचे, "यात दम नाही." मी प्रत्येकाला सांगत होतो, अहो, दोन्हीकडचा आवाज आधी सारखा करा. एखादा डेसिबल जरी जास्त असला तरी माणसाच्या कानाला तेच चांगलं वाटतं. मोठ्या आवाजाला लोक खुलासा, खोली, जिवंतपणा अशी नावं देतात. मी मीटर लावून दाखवायला तयार होतो. समोरचा विक्रेता माझ्या ग्राहकांदेखत म्हणाला, "यांचं अँप कागदावर वाजतं." लोक हसले. इतकी वर्षं झाली, ते हसू माझ्या कानात आहे.

परत येताना मेहुणा म्हणाला, "दाजी, लोकांना जे हवं ते देऊ." मी नको म्हणायला हवं होतं. म्हटलं नाही. पुढच्या लॉटला आम्ही गेन ६ केला आणि पेटीवर मिलीवॉट छापले.

माल पटापट गेला. आणि तसाच परत येऊ लागला. सूं आवाज. डावा कान आधी, उजवा नंतर. चालू करताना कानात धप्प. फोन आला की टर्र-टर्र, कारण जीएसएम फोन सेकंदाला २१७ वेळा रेडिओचा झटका देतो, आणि लोक रबरबँडने फोन अँपच्या पाठीलाच बांधायचे. हा शेवटचा दोष आधीच्या मॉडेललाही थोडा होता, गेन वाढला तसा तोही ओरडू लागला. खोकी दाराशी साठली. बँकेचा हप्ता थकला. सुटे भाग देणाऱ्याने उधारी बंद केली. घरातलं मोडण्यासारखं जे होतं ते बायकोने काढून दिलं, तिने एकदाही भावाला किंवा मला बोल लावला नाही. मेहुण्याला त्याच सुमारास नोकरी आली, कुठे ते सांगत नाही, पण समोरच्या स्टॉलची लोकं त्याला ओळखत होती. तो गेला. आजही सणाला येतो, आम्ही धंद्याचं बोलत नाही.

त्या महिन्यात काका आले. हातात वही. ओळखीच्या सगळ्यांचे इअरफोन मागून आणून त्यांनी आमचा जुना आणि नवा नग त्यावर ऐकला होता. प्रत्येकापुढे तीनच शब्दांपैकी एक लिहिला होता: गप्प, कुजबुज, बडबड. नव्या नगापुढे बहुतेक ठिकाणी बडबड. शेवटच्या पानावर जुन्या मॉडेलच्या पाच नगांची ऑर्डर होती, आगाऊ पैशांसकट. म्हणाले, "तुम्ही बंद केलंत तर मी रात्री ऐकू कशावर?"

परत आलेला एकेक नग मी उघडला. सोल्डरिंग आयर्न, फ्लक्स, विक (वितळलेलं सोल्डर शोषणारी तांब्याची वेणी), सकर (ते ओढून घेणारा हातपंप), डोळ्याला भिंग. गेन खाली आणायला प्रत्येक चॅनेलचे, म्हणजे डाव्या आणि उजव्या बाजूचे, दोन रेझिस्टर काढायचे, दोन नवे बसवायचे. इनपुट जॅकच्या अगदी पायाशी एक फेराइट बीड आणि १०० पिकोफॅरडचा कपॅसिटर, म्हणजे फोनची टर्र-टर्र दारातच अडते. चालू होताना दोन सेकंद आउटपुट बंद ठेवणारा छोटा रिले. जुन्या बोर्डावर त्याला जागा नव्हती, तो मी पेटीच्या झाकणाला चिकटवला. दिसायला वाईट दिसतं. धप्प गेलं. सकरपेक्षा विक बरी, सकरच्या झटक्याने पॅड उचकटतात, हे मला त्या महिन्यात हाताने कळलं. नव्याने हे काम करणाऱ्यांनी लक्षात ठेवावं: जुन्या जागी नवा रेझिस्टर बसवताना आयर्न तीन सेकंदांच्या वर टेकवू नये. सगळे नग दुरुस्त करून, पोस्टाचा खर्च आमचा, ज्याचे त्याला परत पाठवले.

त्याच काळात समोरच्या कंपनीचं अँपही विकत घेऊन उघडलं. आउटपुटला प्रत्येक चॅनेलमध्ये दहा ओमचा रेझिस्टर. त्यांनी टीपीए ६१२० ही चिप वापरली होती, आणि ती स्थिर राहावी म्हणून तिच्या डेटाशीटमध्येच दहा ओम सुचवलेले आहेत. मोठ्या हेडफोनला चालतं. पण चार-पाच ड्रायव्हरच्या (आवाज काढणाऱ्या भागांच्या) इअरफोनचा इम्पीडन्स, म्हणजे विद्युत अडथळा, एका सुरावर ५ ओम आणि दुसऱ्यावर ४० ओम असू शकतो. मध्ये दहा ओम आले की पहिल्या जागी साडेनऊ डेसिबल जातात, दुसऱ्या जागी दोनही नाहीत. साडेसात डेसिबलने गाण्याचा चेहराच बदलतो. आमचा आउटपुट अर्ध्या ओमचा, तिथे हाच फरक एका डेसिबलच्याही आत राहतो. ज्याला लोक दम म्हणत होते त्यातला बराचसा हा बिघाड होता. मी हे त्या प्रदर्शनाच्या आयोजकांना लिहूनही कळवलं. उत्तर आलं नाही.

२०११ मध्ये एनडब्ल्यूएव्हीगाय (NwAvGuy) या नावाने लिहिणाऱ्या अनामिक इंजिनिअरने ओ-टू (O2) या हेडफोन अँपचं डिझाइन मापांसकट सर्वांसाठी खुलं केलं. आउटपुट इम्पीडन्स इअरफोनच्या आठव्या हिश्श्याच्या आत हवा, ही गोष्ट त्याने इतक्या लोकांपर्यंत पोचवली की आम्हाला पुन्हा समजावत बसावं लागलं नाही. तो माणूस कोण ते मला माहीत नाही, भेटला तर पाया पडेन. त्यानंतर ग्राहक फोनवरच विचारू लागले, "आउटपुट किती ओम?" आणि मी एका शब्दात उत्तर द्यायचो.

काही वर्षांनी त्याच मोठ्या कंपनीने 'शांत' अँप बाजारात आणलं. लो गेनचं बटण, एक ओमच्या आतला आउटपुट, आणि जाहिरातीत असं की जणू शांततेचा शोध त्यांनीच लावला. मी ती जाहिरात कापून डब्याच्या झाकणाला लावली आहे.

घ्यायला निघालेल्यांना सांगतो. पेटीवरचे मिलीवॉट पाहू नका, आउटपुट नॉइज किती मायक्रोव्होल्ट ते विचारा. तीनच्या आत असेल तर बहुतेक इअरफोनवर रात्रीही ऐकू येणार नाही, दहाच्या वर असेल तर संवेदनशील इअरफोनवर येईल. आकडा देत नसतील तर काकांसारखं करा: शांत खोली, काही न लावता कानात घाला, व्हॉल्यूम शून्यावर. मग फोन जोडून, गाणं न लावता, हळूहळू वाढवा. सूं आवाज जसाच्या तसा राहिला तर तो अँपचा. व्हॉल्यूमबरोबर वाढला तर मागच्या फोनचा किंवा प्लेअरचा, अँप बदलून तो जाणार नाही. गेन एक किंवा दोन पुष्कळ. बॅलन्स्ड आउटपुटच्या (प्रत्येक कानाला दोन अँप उलटसुलट जोडलेल्या) मोहात पडू नका, तिथे आउटपुट इम्पीडन्स दुप्पट होतो आणि नॉइजही सहसा वाढतो. चार्जिंगला लावून ऐकून पाहा, पुष्कळ अँप तेव्हाच गुरगुरतात. आणि अँप आधी चालू करा, इअरफोन नंतर लावा, कितीही चांगलं अँप असलं तरी.

२०१६ च्या आयफोन ७ पासून फोनमधले जॅक जाऊ लागले आणि फोनच्या चार्जिंगच्या भोकात लावून इअरफोन जोडायचे बोटभर लांबीचे डाँगल आले. त्यातले काही इतके शांत आहेत आणि आउटपुट इतका कमी ओमचा आहे की काकांच्या वहीत त्यांच्यापुढे गप्प लिहिलंय. ज्याच्याकडे तसं डाँगल आहे त्याला आम्ही अँप विकत नाही, सरळ सांगतो की गरज नाही. त्यामुळे आमची विक्री कमी झाली आहे, हेही खरं.

काका आता फारसे बाहेर पडत नाहीत. त्यांनी आपले ते १६ ओमचे इअरफोन आम्हाला देऊन टाकले, टिप्स घासून पिवळ्या झालेले. मीटरवर पास झालेला प्रत्येक नग रात्री उशिरा, रस्ता निवल्यावर मी त्यावर ऐकतो. काही न लावता. काल सात नग होते. सहा पाठवले, सातवा डब्याशेजारी ठेवलाय. मीटर म्हणतो ठीक आहे. मला डाव्या कानात कुजबुज वाटते. सकाळी उघडतो.